बिनसंवादाचा वेटर

१२ जून

रेडिओ,

वर 'प्रिय' लिहायचं की 'अनेक आशीर्वाद', हे बावीस वर्षांनंतर ठरेना, म्हणून दोन्ही गाळलं. हे पत्र तुझी ताई म्हणून लिहीत नाहीये. तुझ्या मालिकेच्या शेवटी पाटी येते ना, 'प्रेक्षकांनी आपली मतं जरूर कळवावीत', आणि खाली पत्ता? त्या पत्त्यावर एक घरात बसून टीव्ही बघणारी बाई आपली मतं कळवते आहे. पाटी तुम्हीच लावलीत. आता भोगा.

मत पहिलं. तुझ्या मालिकेतली थोरली बहीण गेले आठ महिने रोज संध्याकाळी सात वाजता शिलाई मशीनवर बसते आणि त्या मशीनमध्ये दोरा नाही. टीव्हीच्या काचेला नाक लावून मी खात्री केली आहे. पस्तीस वर्षं मी या दोन खोल्यांत बसून लोकांच्या पँटी आखूड करते, कंबरा सैल करते, चेनी बदलते. बाकी कशातही मला फसवा, मशीनच्या बाबतीत नाही.

मत दुसरं. ही बाई चिडत कशी नाही? म्हाताऱ्याचं सगळं करते, भावाला चोरून मदत करते, ठरलेलं लग्न मोडतं तेव्हा कपबश्या पुसत उभी राहते आणि मागे बासरी वाजते. आठ महिन्यांत तिला साधी सर्दी झालेली नाही. आमच्या खालच्या दवाखान्यात जो कंपाउंडर आहे, त्याची बायको रोज माझ्याकडे तुझी मालिका बघायला येते. काल डोळे पुसत म्हणाली, "अहो, ही तर अगदी तुम्हीच!" माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही.

मत तिसरं, वडील. तो नट बरा आहे, आवाज भरदार आहे. पण त्याचे डोळे! दर भागात तो ते वटारतो आणि पोरगा चळाचळा कापतो. बाबांना तू डोळे दिलेस, रेडिओ? ज्या माणसाला समोर ठेवलेला चहाचा कप बोटांनी चाचपून शोधावा लागायचा, त्याला तू वटारायला डोळे दिलेस?

मालिका तुझी आहे. तू त्याला शिंगंही देऊ शकतोस.

एक घरगुती प्रेक्षक

२६ जून

रेडिओ,

उत्तराची अपेक्षा नव्हती, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. जिन्यावरचे पोस्टमनचे पाय मला ओळखू यायला लागले आहेत.

मी फक्त तुझ्यावरच खार खाऊन आहे असं वाटू नये म्हणून सांगते, बाकीचेही काही दिवे लावत नाहीत. आठ वाजता एक हेरकथा लागते. त्यातला हेर अंधाऱ्या घरात शिरतो आणि दिव्याचं बटण सोडून सगळ्याला हात लावतो. दुपारी सिनेमा असतो. सिनेमातली माणसं फोन 'ठेवते हं' न म्हणता दाणकन ठेवतात. दवाखान्यातल्या बाईला शुद्ध नसते, पण ओठांना लाली असते. स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षक एक घास खाऊन रडतो. मी इतकी वर्षं रांधते आहे, माझ्या हातचं खाऊन अजून कोणी रडलेलं नाही. कंपाउंडरची बायको म्हणते, "तुम्हाला काहीच कसं आवडत नाही हो?" तिला काय सांगू? आवडून घ्यायला शेजारी कोणीतरी लागतं.

आपल्या घरात टीव्ही बघणं असा शब्दच नव्हता. 'चित्र सांगणं' असायचं. तू विसरला असशील, किंवा मुलाखतीत सांगण्यासारखं ते नसेल. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता बाबांना काचबिंदू झाला, आणि तू दहावीत जाईपर्यंत त्यांना खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. पण टीव्हीपुढची खुर्ची त्यांनी सोडली नाही. संवाद ते ऐकायचे. मधे शांतता पडली की मान वळवायचे. मग आपण चित्र सांगायचं.

मी सांगायचे ते असं. दार उघडलं. बाई आत आली. निळा झगा आहे. खुर्चीत बसली. रडते आहे.

तुझं वेगळंच असायचं. "बाबा, आली बया! झगा निळा, पण कोणाचा तरी मागून आणलेला, खांद्यात ढगळ आहे. खुर्चीत अशी बसली आहे की खुर्चीनंच हाय खाल्ली." बाबा हसून हसून लोळायचे. खुर्ची बिचारी साधी असायची आणि झगा मापात असायचा. मापातलं मला कळतं. मी म्हणायचे, "बाबा, हा थापा मारतो." ते म्हणायचे, "मारू दे गं. रेडिओ आहे तो. तू सांगतेस ते खरं असतं, पण मला काही दिसत नाही."

हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं जपून ठेवलं आहे. बाबांनी ते सहज टाकलं होतं.

तू लेखक झालास तो या खुर्चीशेजारी. तुझ्या मालिकेत मात्र ती खुर्ची नाही, टीव्ही सांगणारं कोणी नाही, हसणारा म्हातारा नाही. फक्त डोळे वटारणारा एक दांडगा आहे. तुला ते हसणं आठवत नाही का? की आठवलं तर राग धरता येत नाही?

तुझी प्रेक्षक

९ जुलै

रेडिओ,

आलं हो उत्तर! छापील कार्ड. एका बाजूला तुझ्या त्या दोरा नसलेल्या बहिणीचा हसरा फोटो, दुसऱ्या बाजूला 'आपल्या अभिप्रायाबद्दल आम्ही आपले आभारी आहोत'. कंपाउंडरच्या बायकोनं ते मागून नेलं आणि आरशाच्या चौकटीत खोचलं. तुझ्या ऑफिसातल्या कोणीतरी माझी पत्रं फोडून गठ्ठ्यात टाकली असणार.

पण आज पत्र लिहायला बसले ते कार्डामुळे नाही. रविवारच्या पुरवणीत तुझी मुलाखत वाचली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी उभी राहून.

तू सांगितलंस की तीस तारखेला मालिका संपते. शेवटच्या भागात मुलाचं पहिलं काम टीव्हीवर लागतं. वडील बघतात, उठतात, टीव्ही बंद करतात आणि एक शब्द न बोलता आत निघून जातात. त्या मुलाखतवाल्यानं विचारलं, "हे खरं आहे का?" तू म्हणालास, "माझ्या वडिलांनी माझं पहिलं काम पाहिलं आणि त्यावर ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना माझी लाज वाटली. त्या घरात माझं असं एकच माणूस होतं, माझी ताई. तिला एकटीला टाकून आलो, म्हणून तिला तोंड दाखवायचं धाडस होत नाही."

म्हणजे तू का येत नाहीस ते मला पुरवणीतून कळलं. मी का बोलावलं नाही ते तुला अजून कळलेलं नाही.

रेडिओ, नीट वाच. बाबांनी टीव्ही बंद केला नव्हता. त्यांना तुझी लाज कधी वाटली नाही. शेवटचा भाग बदल. वीस तारखेपासून चित्रीकरण आहे असं त्याच पानावर छापलंय, म्हणजे अजून दिवस आहेत. इतक्या घरांत, इतक्या लोकांपुढे बाबा तसे दिसले की मग ते कायमचे तसेच. त्यांना ओळखणारी माणसं आता उरली आहेत किती? तू आणि मी. तुला चुकीचे ठाऊक आहेत, मी बोलत नाही. कारण विचारू नकोस. माझ्या शब्दावर बदल. तूच म्हणालास ना, त्या घरात तुझं असं एकच माणूस होतं? मग त्या माणसाचं ऐक.

ताई

१४ जुलै

रेडिओ,

पाच दिवस झाले. कारण सांगितल्याशिवाय तू बदलणार नाहीस, हे मला पत्र टाकतानाच माहीत होतं. तू लहानपणीही 'का' विचारल्याशिवाय दूध पीत नव्हतास. हे पत्र रजिस्टर करते आहे, पाकिटावर 'स्वतः फोडावे' लिहिते आहे, आणि यात एकही मत नाही.

तू गेलास तेव्हा सहा महिन्यांत परत येतो म्हणालास. मला तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला घेत होते, राहायची सोय होती, हेही तुला माहीत होतं. सहा महिन्यांनी तू आलास की मी जाणार, असं आपलं ठरलं होतं. दीड वर्षानं तुझं पत्र आलं. त्यात येण्याचं नाव नव्हतं. काम मिळालं होतं, हॉटेलवरच्या मालिकेत, वेटरचं. तीन दिवस, तीन प्रसंग. तू लिहिलं होतंस, 'मला संवाद नाहीत, पण बाबांना काही अडचण नाही. ताई आहे ना, ती चित्र सांगेल.'

ते पत्र बाबांना मीच वाचून दाखवलं. माझाच आवाज, माझंच तोंड.

ते सोमवारी दुपारपासून तयार होते. माझ्याकडून दाढी करून घेतली. नवा शर्ट काढायला लावला, तो मी शिवलेला, दोन वर्षं पेटीत पडून होता. माझ्यासाठी कधी घातला नव्हता. भांग पाडला. तू तिकडून त्यांना बघणार असल्यासारखे खुर्चीत ताठ बसले.

तू आलास. पांढरा शर्ट, काळा बो, डाव्या हातात ट्रे. मालिकेतल्या एका बाईपुढे दोन कप ठेवलेस आणि गेलास. बाबांनी मान वळवली. "आला का गं?"

मी म्हणाले, "नाही अजून."

मी ठरवून म्हणाले नाही, हे तुला पटवायला मला फार आवडलं असतं. पण अर्धवट ठरवूनच म्हणाले. मला वाटलं, एक मिनिट थांबू दे. या माणसासाठी मी घर सोडलं नाही, आणि हा नवा शर्ट घालून बसलाय तो निघून गेलेल्यासाठी. एक मिनिट तरी तू या घरात नसावास, एवढंच मला हवं होतं. मग सांगणार होते. पण तोवर प्रसंग संपला होता, आणि गेलेलं चित्र कसं सांगणार?

मंगळवारी तू दाराशी उभा होतास. "आला का?" आज हो म्हटलं तर काल काय होतं ते सांगावं लागणार होतं. नाही म्हणाले.

बुधवारी कप फुटला. तो आवाज बाबांनी ऐकला. "काय फुटलं?"

"कप."

"कोण उचलतंय?"

"आहे कोणीतरी वेटर."

"कसा आहे दिसायला?"

"बारीक आहे. पाठमोरा आहे, बाबा. नीट दिसत नाही."

तू पाठमोरा नव्हतास. तोंड समोर करून खाली बसून तुकडे गोळा करत होतास, आणि एक तुकडा उचलताना तू अगदी लहानपणीसारखं बोट चोखलंस. मी समोर होते. हात लावता येईल इतक्या जवळ.

शेवटी नावांची यादी आली. बाबा म्हणाले, "बघ, त्याचं नाव आहे का." वेटरची नावं देत नाहीत. मी नाही म्हणाले, निदान ते तरी खरं होतं. बाबा खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "कापलं असेल त्याचं काम. किती उड्या मारत लिहिलं होतं बिचाऱ्यानं. हे बघ, त्याला कळू द्यायचं नाही. विचारलं तर सांग, बाबांनी पाहिलं म्हणून. खूश होईल."

शुक्रवारी दवाखान्यात तुझा फोन आला. मी खाली धावत गेले. तू विचारलंस, "बाबांनी पाहिलं?" मी म्हणाले, "पाहिलं." ते बाबांच्या सांगण्यावरून. तू विचारलंस, "काय म्हणाले?"

आणि मी म्हणाले, "काही नाही म्हणाले."

ते माझं स्वतःचं. चार शब्द मी त्यांच्या तोंडी घालू शकले असते. तुझ्यासारख्या थापा मला मारता येत नाहीत, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. पण तीन दिवस मारल्याच होत्या की! तुला जरा लागावं, एवढाच हेतू होता. तुला किती लागलं ते मला अकरा महिने फोन न आल्यावर कळलं.

ती हॉटेलची मालिका त्यानंतरही चालली. बाबा रोज बसायचे. त्यांचं म्हणणं, कापलेलं काम कधी कधी पुढे वापरतात. कुठून शोधून काढलं होतं कोण जाणे. शेवटच्या आजारात उशीला टेकवून बसवावं लागायचं, तरी मधे शांतता पडली की मान वळायची. "आला का?" मी खरं सांगायचे तेव्हा. नाही, म्हणायचे. तेव्हा तू खरंच नसायचास.

तू पोचलास तो एक दिवस उशिरा. दारात उभं राहून मला विचारलंस, "त्यांना माझी लाज वाटली ना, ताई?" मी मूग गिळून उभी राहिले. तुला वाटलं, मी तुझं मन राखते आहे. मग तू गेलास, आणि आता मला देवी करून ठेवली आहेस, रोज सात वाजता.

राग मला तुझ्यावर होता. तो अजूनही आहे, खोटं कशाला सांगू? सहा महिने म्हणाला होतास. पण त्याचं माप मी बाबांच्या अंगावर काढलं, आणि तो शर्ट आता तू त्यांना सगळ्या जगापुढे घालतो आहेस.

बाकी तुझी मर्जी. माझं काय करायचं ते कर. त्यांना सोड.

ताई

३१ जुलै

रेडिओ,

रजिस्टरची पोचपावती बावीस तारखेला परत आली होती. त्यावर तुझी सही. दुसरं काही नाही. मी ती उलटून पालटून पाहिली, कडेला काही लिहिलंय का म्हणून.

काल सात वाजता शेवटचा भाग पाहिला. कंपाउंडरची बायको होती. आधी प्रेक्षक म्हणून मत कळवते. दोनशे भाग डोळे वटारणाऱ्या माणसाला शेवटच्या भागात एकदम डोळ्यांचं ऑपरेशन काय, पट्टी काय, हे अजिबात पटत नाही. कंपाउंडरची बायको म्हणाली, "अगंबाई, याला कधी झालं हे?" घाईत जोडलेलं ठिगळ आहे ते, टाके दिसतात.

पण बाकी सगळं मापात होतं. खुर्ची होती. नवा शर्ट होता, कॉलरची घडी अजून ताठ. भांग पाडलेला. ती बहीण शेजारी मशीनवर होती, आणि मशीनमध्ये दोरा होता. पांढरा. मी लगेच पाहिलं.

त्यांच्या घरातला टीव्ही सुरू झाला. त्यात एक वेटर ट्रे घेऊन आला. संवाद नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यानं मान वळवली. "आला का गं?"

आणि मग तू कॅमेरा तिच्या तोंडावर ठेवलास, कडेला त्यांचा टीव्ही. ठेवलास तो ठेवलासच. बासरी नाही, काही नाही. ती गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. ती गप्प. तिथंच संपवलीस.

कंपाउंडरची बायको भयंकर चिडली. "असं कसं हो? इतकी चांगली पोर, तोंड उघडून एक शब्द सांगायला काय झालं होतं तिला? लेखकाचं डोकं फिरलंय!"

मी म्हणाले, "नाही. अशीच होती ती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या. चप्पल घालून खाली गेली. आज सकाळी जिन्यात भेटली तेव्हा भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि भिंतीकडे बघत उतरली. आज संध्याकाळी येईल असं वाटत नाही. मालिकाही नाही म्हणा.

तू मला माफ केलेलं नाहीस, ते मला कळलं. इतक्या लोकांपुढे मला चव्हाट्यावर बसवलंस. माझं नाव नव्हतं, पण मला काय नावाची गरज? बरं केलंस असं म्हणायला जीभ रेटत नाही. बाबांना सोडवलंस, तेवढं पुरे.

पण तुला सांगायचं ते वेगळंच आहे. तो वेटर ट्रे घेऊन आला तेव्हा त्याच्या डोक्यावर मागे केस नव्हते. मी म्हटलं, एवढा म्हातारा वेटर का घेतला? मग त्यानं कप ठेवले, वळला, आणि तू होतास. बावीस वर्षांनी तू माझ्या घरात होतास, आणि मला विचारलं जात होतं, आला का. टीव्हीतली गप्प बसली ती तू लिहिलंस म्हणून. पण इकडे मीही गप्पच बसले, रेडिओ. कंपाउंडरची बायको शेजारी होती म्हण, सवय म्हण. पुन्हा तेच. तू आलास आणि गेलास आणि मी बोलले नाही.

आज दुपारी दोनला पुनःप्रसारण होतं. मी एकटीच होते. मशीन बंद केलं. बाबांची खुर्ची आता गिऱ्हाइकांचे कपडे ठेवायला असते, ती रिकामी केली आणि पुढे ओढली. त्या पट्टीवाल्यानं मान वळवली आणि विचारलं.

मी मोठ्यानं म्हणाले, "आला, बाबा. पांढरा शर्ट आहे. काळा बो आहे. ट्रे डाव्या हातात. मागचे केस गेलेत सगळे. वाकून चालतो आहे, तुमच्यासारखा. दोन कप ठेवले. आता वळला. समोर आहे, बाबा, तोंड दिसतंय."

ताई